उस्तादच्या घरचा हलवा

‘माहीत नाही’ असं म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. लहानपणापासूनची खोड. कुणी रस्ता विचारला आणि तो मला ठाऊक नसला, तरी मी हात लांब करून सांगायचो, सरळ जा, मशिदीपाशी डावीकडे वळा. तो माणूस पुढं कुठं पोचला याची मी कधी चौकशी केली नाही. या खोडीची लाज वाटायला लागली ती एकोणीसशे चौसष्ट साली, दुबईत. ती अजून वाटते, आणि वाटायलाच हवी.

तेव्हा दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवर वसलेलं बंदरगाव. मी देरा बाजूला एका शिपिंग एजंटकडे टॅली क्लार्क होतो. बोटीतून उतरणाऱ्या गोणी आणि पेट्यांची नोंद ठेवायची, एवढंच काम. वय तेवीस. माझी मोठी बहीण हलिमाआपा आणि तिचा नवरा मुश्ताक, ज्यांना मी दुल्हाभाई म्हणायचो, माझ्याआधी पाच वर्षं तिथं आले होते. दुल्हाभाई लाँचच्या इंजिनांचे मिस्त्री. त्यांच्या गल्लीजवळच मी अजीज नावाच्या, आमच्याच बाणकोटकडच्या गवंड्याबरोबर एका खोलीत राहायचो. खोलीत आणखी सहाजण. गावी राहिली होती फक्त आमची आई, मरियमबी.

लाँचा लागायच्या तिथून हाकेच्या अंतरावर खजुरीच्या झावळ्यांची एक खानावळ होती. चार बाकडी, दोन चुली आणि एक तुर्क. नाव नेजाती, पण सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. काळ्या समुद्रावरच्या कुठल्याशा गावचा. मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. दुबईजवळ बोट नांगरली असताना त्याला टायफॉइड झाला, बोटवाले त्याला किनाऱ्यावर उतरवून निघून गेले. तो बरा झाला आणि इथंच राहिला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. बोलायचा कमी.

त्याच्या हाताला मात्र चव होती. पातेल्याच्या तळाला आणि कडेनं आपल्या मांदेलीसारखी बारीक मासळी ओळीनं लावायचा, मधे मनुका आणि चिलगोजे, म्हणजे पाइनच्या लांबट बिया, घातलेला भात दाबायचा, वरून परत मासळी, आणि शिजलं की परातीत उपडं करायचा. मासळीचं झाकण फोडलं की आतून वाफ यायची. बसऱ्याहून बरणीतून आलेल्या द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून बोटाएवढ्या गुंडाळ्या करायचा, त्यांवर रास अल खैमाच्या बागेतलं लिंबू पिळायचा. मक्याच्या पिठात लोणी आणि चीज घालून घाटायचा, त्याची तार हातभर निघायची. मीठ घातलेलं फेसाळ ताक. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातला लालभडक चहा. आमच्या कोकणातून आलेल्या माणसाला मासळी-भात आणि ताक म्हणजे घरच. पण आपलं असूनही आपलं नाही, म्हणून समजावून सांगणारा कुणीतरी लागतो. तो मी झालो.

बोटीतून नवे लोक उतरले की मी त्यांना थेट उस्तादकडे न्यायचो. उस्तादला मोडकंतोडकं अरबी यायचं. मला मदरशातलं थोडं आणि बाजारातलं थोडं. आमच्यातल्या बाकीच्यांची मजल ‘यल्ला’ आणि ‘खलास’च्या पुढं गेली नव्हती. म्हणजे मधला माणूस मीच. पदार्थ समोर आला की मी सुरू व्हायचो. हा सुलतानाच्या दस्तरखानातला, हा लढाईवर जाताना खायचा, हा जावयासाठी. उस्ताद चुलीशी उभा राहून मान हलवायचा. त्याला वाटायचं, मी जेवणाची तारीफ करतोय.

थंडीत तो बाजरी आंबवून एक दाट, आंबटगोड पेय करायचा, बोझा. वर दालचिनीची पूड आणि फुटाणे. अजीजनं पहिल्यांदा वास घेतला आणि पेला सरकवला.

“आंबलेलं आहे. हराम.”

“दोन दिवसांपर्यंत हलाल,” मी म्हणालो. “तिसऱ्या दिवशी हराम. तुर्कस्तानच्या उलेमांनी ठरवलंय.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कॉमन नॉलेज आहे, हबीबी. पी.”

अजीज प्यायला. कुठल्याही उलेमानं काही ठरवलं असलं तरी ते माझ्यापर्यंत आलेलं नव्हतं.

कॉफीचा किस्सा याहून वाईट. त्या चिमुकल्या कपाच्या तळाशी कॉफीचा गाळ बसतो, तो टाकून द्यायचा असतो. पण पहिल्यांदा कुणी विचारलं, “याचं काय करायचं?” तेव्हा मी बेधडक सांगून बसलो की खायचा, तो पाहुण्याचा मान आहे. झालं. सहा-सात धडधाकट माणसं बोटानं गाळ पुसून खायला लागली. उस्ताद दोन दिवस नुसता बघत राहिला. मग त्यानं विचार केला असणार की या हिंदी लोकांना हेच आवडतं. तिसऱ्या दिवसापासून तो आमच्या कपांत दोन चमचे गाळ जास्त घालू लागला, वर हसून छातीवर हात ठेवायचा. मला तेव्हा याचं कोण हसू आलं होतं. आपल्या थापेवर एक भला माणूस इमानेइतबारे चालतोय, याची मला मजा वाटली होती. हे मी मुद्दाम लिहितोय, लपवण्यात अर्थ नाही.

उस्तादला नऊ वर्षं मूल नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात तो बोटीनं, मग रेल्वेनं, मग बसनं घरी जाऊन आला होता आणि आता त्याच्या बायकोला दिवस राहिले होते. हे त्यानं पहिल्यांदा मला सांगितलं. सांगताना कढईतला कांदा करपला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. मी ती बातमी अर्थातच गावभर केली. आपानं जुन्या मलमलीच्या ओढणीचं झबलं शिवायला घेतलं. म्हणाली, “बिचाऱ्याचं इथं कोण आहे? आपणच ना.” दुल्हाभाई म्हणाले, “ज्या दिवशी खबर येईल त्या दिवशी आपण सगळे डफ वाजवत जायचं.” मी उस्तादला एवढंच सांगितलं की त्या दिवशी आम्ही सगळे तुझ्याकडे येऊ. त्यानं माझे दोन्ही हात धरून ‘इन्शाल्ला’ म्हटलं.

रमजान ईद होऊन तीन आठवडे झाले असतील. जुम्याचा, शुक्रवारचा दिवस, सुट्टी. गाढवावरून पाणी विकणारा एक बलुची म्हातारा आमच्या खोलीवर आला. पाण्याच्या डब्यांवर कापडानं झाकलेली परात होती. “उस्तादनं दिलंय,” एवढं म्हणून तो पुढच्या घराकडे वळला. तिथंही द्यायचं होतं त्याला. कापड काढलं तर आत हलवा. रव्याचा, तुपावर बदामी होईपर्यंत परतलेला, मधे मधे चिलगोजे. अजून गरम.

“मुलगा झाला!” मी ओरडलो.

“तुला काय माहीत?” अजीज म्हणाला. “मुलगीही असेल.”

“चिलगोजे बघ ना. तुर्कांत मुलगा झाला की चिलगोजे, मुलगी झाली की बदाम.”

“एकदा जाऊन विचारून तर ये, जहूर. मग बाकीच्यांना सांग.”

“त्यात विचारायचं काय?”

अजीज शबेबरातचा हलवा आठवून काही बोलला असता तर? आपल्याकडेही मेलेल्यांच्या नावानं फातिहा देतात, त्याला हलवा असतोच. पण ज्या घरात आजच मौत झालीय त्या घरात चूल पेटत नाही, तीन दिवस शेजारी डबे पोचवतात, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. तुर्कांत उलट असेल, मेलेल्याच्या घरूनच गरम हलवा बाहेर पडत असेल, हे आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. बाकीच्यांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

दुपारपर्यंत मी पाच खोल्या, दोन दुकानं आणि आपाचं घर पालथं घातलं. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर आम्ही निघालो, वीस-बावीस जण. पुढं दोन डफ. दुल्हाभाईंच्या हातात इस्त्री केलेलं झबलं आणि टोपडं. कुणी अत्तर घेतलं होतं, कुणी बिस्किटांचा डबा. लग्नातली गाणी म्हणत आम्ही खाडीच्या काठानं चाललो होतो, आणि सगळ्यांच्या पुढं मी. नवरदेव असल्यासारखा.

उस्ताद दारात आला. बाह्या वर सारलेल्या, डोळे लाल. मला वाटलं, धूर. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. तोंडातून ‘मुबारक’ निघणार तोच त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. डफ इतके जवळ वाजत होते की दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

“मातत,” तो म्हणाला. गेली. मग श्वास घेऊन, “बाळही.”

मी मिठी सोडली नाही. सोडली असती तर चेहरा दाखवावा लागला असता.

मागून मुबारक, मुबारक सुरू होतं. उस्ताद माझ्या खांद्यावरून त्या हसऱ्या तोंडांकडे बघत होता. दुल्हाभाईंनी पुढं होऊन त्याच्या हातावर झबलं ठेवलं आणि मला विचारलं, “काय म्हणतो तो?”

त्या वेळी एक शब्द पुरे होता. मौतीची खबर ऐकल्यावर म्हणतात ते इन्ना लिल्लाही एवढं म्हटलं असतं तरी बावीसच्या बावीस माणसं जागच्या जागी थिजली असती, डफ खाली गेले असते, आणि मग त्यांनी त्याला कसं सांभाळलं असतं ते मला ठाऊक आहे. आमचे लोक त्यात कमी पडत नाहीत. पण मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं असतं. अजीजनं पाहिलं असतं. चिलगोजे, म्हणाला असता. मला तेवढं सोसणार नव्हतं.

“म्हणतो, या, बसा,” मी म्हणालो. “सगळ्यांनी खाऊन जायचं.”

बसले. खाल्लं. उस्तादनं स्वतः वाढलं, कारण दारात आलेल्या माणसाला तो कधी परत पाठवत नसे. कुणी दुसऱ्यांदा मागितलं तर दुसऱ्यांदा वाढलं. “तूप सोडलंय बघ कसं,” असं एक जण म्हणाला. कुणीतरी उस्तादच्या गालाला अत्तर लावलं. झबलं त्यानं शर्टाच्या आत, छातीशी ठेवलं होतं. मी हलव्याचा घास तोंडात घेतला आणि तो गिळेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा म्हणाला, “बघा, जहूरला किती आनंद झालाय.”

परत येताना अजीज माझ्याबरोबर चालत होता. “त्याचे डोळे पाहिलेस?” त्यानं विचारलं.

“आनंदाचे अश्रू.”

अजीज भराभर पुढं चालायला लागला. दोन दिवसांनी त्याला रास अल खैमाला काम लागलं आणि तो गेला. खरं सांगतो, तो गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उस्तादकडे गेलो ते पाय धरायला. ऑफिसला दांडी मारून गेलो. खानावळ बंद होती, तो मागच्या बाजूला जमिनीवर बसला होता. मी शेजारी बसलो. खाडीत एक लाँच वळत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानंच विचारलं, हळू, लहान मुलानं विचारावं तसं.

“काल तुमचे लोक वाजवत का आले, जहूर? हसत का होते?”

खरं बोलायची वेळ दुसऱ्यांदा समोर आली होती, तीही एकांतात, बघायला कुणी नाही. पण तो ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होता, त्या नजरेत राग नव्हता. त्याला समजून घ्यायचं होतं. आणि कुणी काही समजून घ्यायला आलं की माझं तोंड आपोआप चालू होतं.

“आमच्यात तशी रीत आहे,” मी म्हणालो. “घरात मौत झाली की शेजारी रडत जात नाहीत. वाजवत जातात. माणूस अल्लाच्या घरी पोचलं म्हणून मुबारक म्हणतात. घरच्यांना एकट्यानं रडू देत नाहीत.”

“आणि ते कपडे?”

“ते… बाळ उघडं जाऊ नये म्हणून.”

उस्तादनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाचं चुंबन घेतलं आणि रडायला लागला. तार आल्यापासून तो रडला नव्हता, हे मला त्या रडण्यावरून कळलं. रडता रडता म्हणत होता, अल्ला तुम्हाला सुखात ठेवो, तुमच्या लोकांना सुखात ठेवो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते मी त्या दिवशी अनुभवलं. तरीही गप्प बसलो.

पुढचे सहा आठवडे मी चोरासारखे काढले. नव्या लोकांना उस्तादकडे न्यायचं बंद केलं, त्याच्या चुलीशी दुसरं कुणी बसू नये एवढ्यासाठी. पण आपा विचारायचीच. “बाळ कसं आहे रे? काही खबर?” मी म्हणायचो, बरं आहे. “नाव काय ठेवलं?” एकदा तिनं अचानक विचारलं. आणि मी क्षणभरही न थांबता नाव सांगितलं. इस्माईल. ती म्हणाली, छान आहे. त्या दिवशी घराबाहेर पडल्यावर मी एका भिंतीला टेकून उभा राहिलो. जे लेकरू मातीत गेलं होतं त्याचं मी बारसं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगून टाकू, परवा सांगू, जुम्याला सांगू असं करत दिवस गेले. आणि उस्ताद मला भेटला की कधी उठून उभा राहायचा, कधी माझ्यासाठी मासळीचा मधला भाग काढून ठेवायचा. आमच्यातला कुणी रस्त्यानं दिसला तरी छातीवर हात ठेवायचा. लोक म्हणायचे, मुलगा झाल्यापासून उस्ताद किती मवाळ झालाय.

बकरी ईदच्या आठवडाभर आधी आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर तार आली. आई गेली. तीन शब्दांची तार होती, ती मी उभ्यानंच वाचली आणि उभ्यानंच आपाकडे गेलो. आपानं माझ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आधीच ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर आपाच्या घरी कुराणखानी, म्हणजे आईच्या नावानं कुराणाचं पठण होतं. बाहेरच्या खोलीत पुरुष कुराणाचे सुटे भाग, सिपारे, घेऊन बसले होते, आत पडद्यापलीकडे बायका. पावसाळ्याच्या आत घरावर नवी कौलं घालायला म्हणून मी पाठवलेली रक्कम आईला मिळाली होती की नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. पडद्याआडून मधूनच आपाचा हुंदका यायचा. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आणि गल्लीतून डफ ऐकू आला.

एकच डफ. ठेका नसलेला, कुठंही पडणारा. जवळ जवळ येत होता. मला पहिल्या थापेलाच कळलं. हातातला सिपारा मिटवण्याचं भानही मला राहिलं नाही.

उस्ताद दारात उभा होता. पाणीवाल्या बलुची म्हाताऱ्याकडून त्याला आईची खबर कळली असणार. धुतलेला पांढरा शर्ट, मिशा कातरलेल्या, काखेत मिठाईचा डबा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होता, ओढून ताणून, सगळे दात दिसतील असं. “मुबारक!” तो ओरडला. “जन्नत! जन्नत! मुबारक!” आणि जोरानं डफ वाजवायला लागला.

आत कुणीतरी किंचाळलं. दुल्हाभाई उठले ते थेट त्याच्या गळ्याशीच. कॉलर धरून त्यांनी त्याला भिंतीवर आदळलं. “शरम नाही वाटत? मय्यतच्या घरात डफ वाजवतोस? माझी सासू मेलीय आणि तू मुबारक म्हणतोस?” दोघा-तिघांनी त्याचे हात धरले. डबा पडला, मिठाईचे तुकडे चटईवर उधळले. पडद्याच्या कडेला आपा येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

आणि मी काय करत होतो? मी वाक्य जुळवत होतो. त्याला वाटलं शादी आहे, दुल्हाभाई, त्याला कुणी नीट सांगितलं नाही. तयार होतं वाक्य, जिभेवर आलं होतं. ते बोललो असतो तर उस्ताद येडा ठरून दोन थपडा खाऊन गेला असता आणि मी सुटलो असतो. त्याला सांगायला कुठे येत होतं? मधला माणूस मीच होतो.

“दुल्हाभाई, त्याला…” मी सुरुवात केली.

माझा आवाज ऐकून उस्तादनं मान वळवली. गळा आवळलेला, चेहरा लाल, पण मला बघून त्याला धीर आला. अजून हसत होता तो. त्यानं मला अरबीत विचारलं, “जहूर, मी चुकीचं वाजवतोय का?”

माझ्या तोंडात तयार असलेलं वाक्य तिथंच विरलं.

“सोडा त्याला,” मी म्हणालो. “त्याचा काही गुन्हा नाही. मीच सांगितलंय त्याला.”

मग सगळं सांगितलं. आपल्या भाषेत, सगळ्यांच्या समोर, आईच्या कुराणखानीत. हलवा कशाचा होता ते. दारात त्यानं माझ्या कानात काय सांगितलं आणि मी काय सांगितलं ते. दुसऱ्या दिवशी मी कुठली रीत पढवली ते. इस्माईल हे नाव कुणाचंही नाही, हेही सांगितलं. ज्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा हलवा मागून घेतला होता त्यातले चारजण तिथं बसले होते. त्यांतला एक हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसत राहिला. दुल्हाभाईंनी कॉलर सोडली आणि आपण कुठं हात लावला होता हे कळल्यासारखा तो हात दुसऱ्या हातात धरला. कुणीही मला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आपा म्हणाली, “आता त्याला सांग.”

उस्तादला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. मला अरबी शब्द सापडेनात. थापा मारताना मात्र कधी अडलं नव्हतं. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आमच्यात अशी रीत नाही. आम्हीही रडतो. आम्हीही तुमच्यासारखेच गप्प येऊन बसतो. मी खोटं बोललो.

त्याचं हसणं अजून पूर्ण गेलं नव्हतं, चेहऱ्यावर कुठंतरी अडकून राहिलं होतं. तो म्हणाला, “मग त्या दिवशी ते सगळे खूश होते?”

“हो.”

“माझ्या घरी लेकरू झालं म्हणून?”

“हो, उस्ताद.”

त्यानं खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग तो जमिनीवर बसला, सगळे बसले होते तसा, गुडघे दुमडून. डफ त्यानं भिंतीशी उभा केला. बोलला तेव्हा आवाज इतका शांत होता की मला पुढं वाकावं लागलं.

त्याची आई म्हातारी होती. सून आणि नातू तिच्याच हातावर गेले होते. तिनं खाणं सोडलं होतं, कुणाशी बोलत नव्हती. उस्तादनं तिला पत्र लिहिलं होतं. लिहिलं होतं, आई, मी इथं एकटा नाही. इथं हिंदी मुसलमान आहेत, ते त्या दिवशी डफ वाजवत माझ्या दारात आले, मला एकट्याला रडू दिलं नाही, आपल्या बाळासाठी कपडे आणले. पत्र मशिदीत इमामानं वाचून दाखवलं. सगळं गाव रडलं. त्या दिवसापासून म्हातारी जेवायला लागली. आता दर जुम्याला ती त्या हिंदी लोकांसाठी दुआ मागते, असं इमामानं उलट टपाली कळवलं होतं.

“काय म्हणतो तो?” आपानं विचारलं.

मी शब्द न् शब्द सांगितलं. आपा पडदा सोडून बाहेर आली, बाहेरचे पुरुष बसले असताना, आणि उस्तादच्या समोर जमिनीवर बसली.

उस्तादनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आता तिला काय लिहू?” त्यानं मला विचारलं.

मी तेही आपाला सांगितलं. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “सांग त्याला. काय लिहू म्हणतोय तो.”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.